आधी सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) की पदवी? (सोलापूर, डिप्लोमावाला)

ओएनटीवाला: नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय. सध्या सोलापुरातच एका इंटरनेटवाल्याकडे आहे. फायबर जोडणं, ओएनटी (घरातला फायबरचा डबा) बसवणं, 'नेट चालेना' असा फोन आला की जुळे सोलापूर ते विडी घरकुल गाडी पळवणं. पगार यथातथाच. नेटवर्क इंजिनिअर व्हायचंय. एक क्लासवाले सीसीएनए, त्याच्या वरचं सीसीएनपी, फायरवॉल, क्लाउड सगळं एका पॅकेजात देतो म्हणतात, वर नोकरीची हमी. वडील म्हणतात आधी पदवी. दोन्हीला एकदम पैसे नाहीत.

हुतात्माने_पुण्याला: पॅकेज सोड. सीसीएनपीला सीसीएनएची अट 2020 पासून नाही, म्हणून हे लोक गठ्ठा करून विकतात. अनुभव नसताना सीव्हीवर सीसीएनपी लिहिलंस, तर मुलाखतीत बीजीपीवरून (मोठ्या नेटवर्कांमधलं राउटिंग) सोलून काढतील.

सीसीएनए मात्र कर. 200-301 हा एकच पेपर, 120 मिनिटं, 300 डॉलर, वर कर. सगळ्यात जास्त भार, 25 टक्के, आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे डेटाची वाट ठरवण्याला: राउटिंग टेबल वाचणं, स्टॅटिक रूट, ओएसपीएफ. सबनेटिंग (आयपी पत्त्यांचे गट पाडणं) तोंडी जमेपर्यंत पुढे सरकू नकोस. सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, जुने स्विच विकत घेत बसू नकोस.

आणि सीव्हीत 'केबलचं काम' असं लिहू नकोस बाबा! जीपॉन, स्प्लिटर, पॉवर मीटरवर लॉस मोजणं, व्हीलॅन, पीपीपीओई, जे हातानं केलंयस ते नाव घेऊन लिही. मी पुण्यात एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणारा विभाग) आहे. आमच्याकडे एल-वनला, म्हणजे पहिल्या पायरीला, येणाऱ्या बऱ्याच पोरांनी ओएनटीवरचा लाल दिवा कधी पाहिलेला नसतो.

सात_रस्ता: वडिलांचं ऐक की. सीसीएनए तीन वर्षांनी संपतं, पदवी संपत नाही. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत 'कोणताही पदवीधर' ही ओळ असते, तिथंच डिप्लोमावाला गळतो. डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ते का नाही बघत?

हुतात्माने_पुण्याला: पदवी हवीच, त्यात वाद नाही. पण तीन वर्षं कमाई बंद ठेवणं ह्याला परवडेल का? इग्नूचं बीसीए नोकरी सांभाळून होतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठही बघ. दूरस्थ कुठलीही घेतलीस तरी यूजीसीची मान्यता तपासूनच पैसे भर. सीसीएनएच्या तीन वर्षांचं म्हणाल तर, घड्याळ पास झाल्यापासून सुरू होतं. अभ्यास आत्ता कर, पेपर नोकरी बदलायच्या तयारीत असशील तेव्हा दे.

कडक_भाकरी: नोकरीची हमी कागदावर लिहून मागा ओ. कुठल्या शहरात, किती पगार, नाही लागली तर पैसे परत कधी. बघा मग चेहरा.

ओएनटीवाला: कागदाचं काढल्यावर क्लासवाल्यांनी विषयच बदलला 😄 इग्नूचा फॉर्म भरतो. एक विचारायचं होतं दादा, एकानं डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) देतो म्हटलंय, पेपर पाठ करून पास होतात म्हणे?

हुतात्माने_पुण्याला: होतात. आणि सापडले तर सिस्को प्रमाणपत्र काढून घेतं. तसंही पहिल्याच मुलाखतीत सबनेटिंगचं एक /26 चं गणित घातलं की उघडं पडतं.

ओएनटीवाला: बरं. एनओसीत रात्रपाळी असतेच का?

हुतात्माने_पुण्याला: असतेच, सुरुवातीला तर हमखास. बीसीएच्या परीक्षेच्या दिवसांत पाळी बदलून मिळेल का, ते रुजू होतानाच विचारून घे.