टी पेशी विषाणूला मारतात की नुसत्या दाबून ठेवतात?

चोपडेकर सर: आपण पोरांना सांगून मोकळे होतो की सीडी८ टी पेशी (शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या मारेकरी पेशी) परफोरिन, ग्रॅन्झाइम ही पेशी मारणारी प्रथिनं सोडून इन्फेक्टेड पेशी फोडतात आणि व्हायरस आटोक्यात येतो. मला हे अर्धवट वाटतं. १९९९ मध्ये एसआयव्ही (माकडांतला, एचआयव्हीसारखा व्हायरस) झालेल्या ऱ्हीसस माकडांच्या सीडी८ पेशी अँटिबॉडी देऊन काढल्या, व्हायरस भराभर वाढला, पेशी परत आल्या तसा उतरला, इथपर्यंत वादच नाही. पण २०१० मध्ये दोन गटांनी सीडी८ काढून वर व्हायरसची औषधं दिली आणि इन्फेक्टेड पेशी किती वेगानं मरतात ते मोजलं, तर सीडी८ असो नसो वेग जवळपास तोच निघाला! फोडणंच मुख्य काम असतं तर त्या पेशी जास्त जगायला नको होत्या का भो?

भुसावळची ताई: घाई होतेय सर. पेशी इन्फेक्ट झाल्यावर व्हायरस बाहेर टाकायला वेळ लागतो, त्याच्या आतच सीडी८ नी तिला मारलं तर तुमच्या मोजणीत ती येणारच नाही. शिवाय सीडी८ काढल्या की आयएल-१५ हे टी पेशींना चेतवणारं प्रथिन वाढतं, हा व्हायरस ज्यांच्यात शिरतो त्या सीडी४ पेशी चेततात, म्हणजे व्हायरसला नवी घरं मिळतात, आणि ती अँटिबॉडी एनके या दुसऱ्या मारेकरी पेशीही काढते. मग व्हायरस वाढला त्याचं सगळं श्रेय दाबून ठेवण्याला कसं द्यायचं? आणि मामू-बी०८ जनुकाची बरीच माकडं व्हायरस दाबतात, तिथं टी पेशी व्हायरसचे जे तुकडे ओळखतात नेमके तेच बदलून तो निसटतो. दबाव नसता तर कशाला बदलला असता?

यावलवाला: पश्चिम भारतात तापी ही ऱ्हीससची दक्षिण हद्द मानतात, म्हणजे सातपुड्याकडची माकडं त्यांचेच भाऊबंद. १९७८ ला सरकारनं त्यांची निर्यात बंद केली ते बरंच झालं. पण आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी माकडांना बघा, व्हायरस भरपूर आणि एड्स नाही. मग व्हायरस किती खाली आणला यावरच भांडण कशाला?

चोपडेकर सर: भाऊ, मँगाबीचा मुद्दा खरा, पण तो आजार का होत नाही याचा, व्हायरस कोण रोखतं याचा नाही. ताई, निसटणं म्हणजे टी पेशीनं ओळखलं एवढंच सिद्ध होतं, ओळखून मारलं की गप्प केलं ते नाही. २०१६ चा प्रयोग बघा, औषधं चालू असलेल्या माकडांच्या सीडी८ काढल्या तरी रक्तात व्हायरस परत आला. औषधं नवं इन्फेक्शन रोखत होती, मग हा व्हायरस ज्या पेशींत आधीच दडला होता त्यांतूनच आला ना?

भुसावळची ताई: त्यातही आयएल-१५ चा प्रश्न सुटत नाही सर. पण दडलेला व्हायरस जागा करून मग मारायची जी उपचाराची कल्पना आहे तिच्यासाठी तुमचा मुद्दा जड आहे, कारण सीडी८ च त्याला झोपवत असतील तर जागं करायचं औषध तिथंच अडणार.