मदत हवी आहे : भाजी उरतेय, न्यायला माणसं येत नाहीत. शीतगृह करावं का?

वीतभर_वाफा
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.
आमचा गट आहे. तीन शेतकऱ्यांकडून थेट भाजी घेतो. सभासद हंगामाचे पैसे आधीच भरतात, म्हणजे शेतकऱ्याला बियाण्याच्या वेळी हातात पैसे मिळतात. सभासदांचं वाटून उरेल ते गरजू कुटुंबांना द्यायचं, असं पहिल्या बैठकीतच ठरलं होतं. आता माल उरतोय, पण माणसं येत नाहीत. गेल्या खेपेला सात क्रेट खताच्या खड्ड्यात गेले. चार बायका आल्या, त्यातल्या दोघी रिकाम्या हाताने परत गेल्या. का ते विचारू नका, मलाही कळलं नाही.
प्रश्न एवढाच : छोटं शीतगृह करावं का? कोणी केलंय का? परवा पुढची खेप आहे, लवकर सांगा.

कोपरा_सभा
रुमाल टाकून ठेवतो. चांगला विषय.

चिखलपाय
माल कोणता? पालेभाजी की फळभाजी? तोडणी किती वाजता, वाटप किती वाजता, मधे किती तास? यातलं काही न सांगता शीतगृह विचारणं म्हणजे पेशंट घरी ठेवून औषध मागणं. मी स्वतः पिकवतो, म्हणून जरा तिखट बोललो. राग मानू नका.

खटपट्या
शीतगृह कशाला? मातीच्या मोठ्या कुंडीत छोटी कुंडी ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, वाळू ओली ठेवा, वर ओलं फडकं टाका. पाणी उडून जाताना आतली उष्णता ओढून नेतं. वीज लागत नाही. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकाने १९९० च्या दशकात हे गावोगाव पोचवलं, त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मी घरी केलंय. झकास चालतं.

तिरकस
घरी चालतं, कारण घरी चार जुड्या असतात. सात क्रेटला किती कुंड्या लागतील, मोजा. आणि हे कोरड्या हवेतच चालतं. हवा दमट असली की पाणी उडत नाही, थंडावा शून्य, वर बुरशी फुकट.

खटपट्या
ताईंनी हवा दमट आहे असं कुठे लिहिलंय?

तिरकस
कोरडी आहे असंही कुठे लिहिलंय?

वीतभर_वाफा
भांडू नका हो. पालेभाज्या, टोमॅटो, थोडी गाजरं. गाजरं टिकतात, ती चर्चेत नकोत. शुक्रवारी सकाळी तोडणी, संध्याकाळी सभासद नेतात, उरलेलं शनिवारी वाटतो. रात्रभर सगळं एकाच खोलीत असतं, वर ओलं गोणपाट. भाजी धुऊन ठेवतो, स्वच्छ दिली पाहिजे ना. तरी शनिवारी पाला पिवळा आणि चिकट.

चिखलपाय
आता सापडलं. तीन चुका एकदम.
एक, टोमॅटो आणि पालेभाजी एका खोलीत. पिकणारा टोमॅटो एथिलीन वायू सोडतो, त्याने पाला पिवळा पडतो. दोन, धुऊन ठेवलेला पाला पाण्याने सडतो. माती झटकायची, धुणं नेणाऱ्याच्या घरी. ओलं फडकं क्रेटवर चालेल, पण पानांत पाणी साचू द्यायचं नाही. तीन, ‘सकाळी’ म्हणजे कधी? ऊन चढल्यावर तोडलेली भाजी आतून गरम असते, ढिगात घातली की आणखी तापते. मी उजाडता उजाडता तोडतो, जुडी बांधून लगेच सावलीत उभी करतो. दांड्याकडून हात घालून बघा : दुपारच्या ढिगात आत बोट घातलं तर चक्क कोमट लागतं.
शीतगृहाचं उत्तर : पालेभाजीला शून्याच्या जवळपास थंडी आणि भरपूर ओलावा लागतो. टोमॅटो १० अंशांच्या खाली ठेवला की चव जाते, कच्चा असेल तर नीट पिकतही नाही. एकाच खोलीत दोघांचं भलं होत नाही. पैसे घालवू नका.

जुनी_जाणती
अहो, बाटल्या भरा की. आम्ही पूर्वी उरलेलं सगळं उकळून बाटलीबंद करायचो, वर्षभर पुरायचं. पालेभाजीसुद्धा. कोणाला काही झालं नाही.

प्रयोगवही
काकू, घरी करत होतात ते ठीक, पण वाटपासाठी कृपया नको. हवाबंद बाटलीत, आम्लता कमी असलेल्या भाजीत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, प्रेशरखाली १२१ अंशांच्या आसपास न्यावं लागतं. सीमा पीएच ४.६ ची, आकडा त्यावर गेला म्हणजे आम्लता कमी. टोमॅटो नेमका त्या सीमेवर, म्हणून त्यात सायट्रिक अ‍ॅसिड मोजून घालतात. पालेभाजी तर सीमेच्या कितीतरी पलीकडे.

जुनी_जाणती
आम्ही काय अजून जिवंत नाही का? हल्ली सगळ्यालाच भीती.

प्रयोगवही
तुम्ही जिवंत आहात याचा आनंदच आहे. पण फुकट वाटलेल्या बाटलीने कोणी आजारी पडलं तर गट बंद आणि तिन्ही शेतकरी बदनाम.

आकडेमोड
जरा मोठं चित्र बघू. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा केला : ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटनी खाण्यायोग्य उरलेलं अन्न संस्थांना द्यायला करार करायचे. ब्राझीलमध्ये बेलो होरिझोन्ते शहराने १९९३ पासून अन्नासाठी वेगळा विभागच उभारला. पुढे २००९ च्या कायद्याने ब्राझीलभर शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के वाटा कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करणं बंधनकारक झालं. शेतकऱ्याला ठरलेलं गिऱ्हाईक, मुलांना ताजं जेवण. धोरणाशिवाय हे सुटणार नाही.

तिरकस
परवापर्यंत कायदा करून घ्या मग.

आकडेमोड
थट्टा सोपी असते. पण जवळपासच्या शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला विचारायला कायदा लागत नाही.

कोपरा_सभा
अवांतर : टोमॅटोच्या जुन्या वाणांचं बी कोणाकडे आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रात्रपाळी
इतक्या प्रतिसादांत एकानेही विचारलं नाही म्हणून विचारतो. शनिवारी किती वाजता? कुठे? आणि येणाऱ्याला काय काय घेऊन यावं लागतं?

वीतभर_वाफा
अकरा ते एक, आमच्याच सभागृहात. एक फॉर्म असतो, साधाच. घरात माणसं किती, कमावते किती, ओळखपत्राची झेरॉक्स. वर्गणीदारांना हिशोब द्यावा लागतो. यात काय चुकलं?

रात्रपाळी
मी दोन वर्षं अशा रांगेत उभा राहिलोय, म्हणून सांगतो. शनिवारी अकरा वाजता ज्याचं पोट रोजावर आहे तो कामावर असतो. तुमच्या भाजीसाठी त्याने खाडा केला तर भाजी महाग पडते. मी जिथे जायचो तिथे टेबलामागच्या बाई फॉर्म मोठ्याने वाचायच्या. ‘कमावते किती?’ मी ‘एक’ म्हणायचो, मागच्या माणसाला ऐकू जायचं, आणि तो माणूस माझ्याच गल्लीतला. तिसऱ्या खेपेनंतर मी जाणं बंद केलं. भूक होतीच. तुमच्या त्या दोघी कदाचित झेरॉक्स नव्हती म्हणून परत गेल्या असतील. विचारून बघा, पण टेबलामागून नको.

तिरकस
पण काहीच तपासलं नाही तर गाडीतून येणारेही नेतील.

रात्रपाळी
नेऊ द्या दोन जुड्या. खड्ड्यात सात क्रेट गेले तेव्हा कोणाचा फॉर्म भरला होता?

प्रयोगवही
+१. हिशोबाला वजन आणि डोकी मोजली तरी पुरतं.

खटपट्या
पण मुळात फुकट का? त्याच भागात कोणी भाजी विकत असेल तर त्याचा धंदा तुम्ही बसवताय. तोही गरीबच.

चिखलपाय
याच्याशी अर्धा सहमत. म्हणून दर खेपेला ढीग घेऊन जाऊ नये, आधी ठरवून न्यावं. ताई, माझ्या मालाचे पैसे आधी मिळाले तरी तो खड्ड्यात गेलेला मला बघवणार नाही. मुळात उरतं का? सभासद किती घेणार हे गुरुवारी रात्री कळतं ना? मग तेवढंच तोडायला सांगा. गाजर जमिनीत राहिलं तर बिघडत नाही, पाला आणखी दोन-तीन दिवस वाफ्यात उभा राहतो. न तोडलेली भाजी हेच सगळ्यात स्वस्त शीतगृह. आणि वाटपाचा वाटा ‘उरेल ते’ म्हणून ठेवू नका, त्याची वेगळी तोडणी वेगळ्या दिवशी करा. आत्ता सभासदांनी निवडून घेतल्यावर मागे राहिलेलं तुम्ही त्यांना देताय. ते त्यांना कळत नसेल असं वाटतं का?

वीतभर_वाफा
हे शेवटचं लागलं जरा. पण बरोबर आहे. मजुरी दोनदा लागेल त्याचं काय?

चिखलपाय
लागेल. सात क्रेट तोडून, वाहून, फेकायलाही लागलीच होती.

जुनी_जाणती
टोमॅटोची तरी बाटली भरा बाई. सायट्रिक का काय ते घालून.

वीतभर_वाफा
(रविवारी रात्री) सगळ्यांना एकत्र उत्तर देते. वेगळी तोडणी इतक्यात जमली नाही, एकच शेतकरी तयार झाला. पण शुक्रवारी उजाडताच तोडली, धुतली नाही, टोमॅटो दुसऱ्या खोलीत. वाटप शनिवारी संध्याकाळी सात वाजता, सभागृहात नाही, वस्तीच्या नळाजवळ. फॉर्म नाही, मी नुसत्या रेघा मारत होते. एकतीस जण आले. पाच क्रेट नेले होते, दीड परत आला, सगळा पालाच.
त्या दोघींपैकी एक भेटली. झेरॉक्सचं होतंच. पण आज तिने पालेभाजीची जुडी उलटून बघितली आणि परत ठेवली. म्हणाली, ‘ही निवडायला वेळ कोणाला आहे? आठला घरी पोचते, स्टोव्ह तिघींत एक.’ गाजरं आहेत का विचारलं. कच्ची खाता येतात, चार दिवस राहतात. पहिल्या दहा मिनिटांतच संपली होती.

चिखलपाय
पुढच्या हंगामाला किती वाफे गाजर लावायचं ते आत्ताच सांगा तुमच्या माणसांना. बी टाकल्यापासून तीनेक महिने धरा.