मदत हवी आहे: एका ठिकाणची पाखड मेली, दुसरी मरत नाही

गच्चीवरची_कुंडी (दादर): एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. पाखड म्हणजे भातातलं गवतासारखं तण; तिचं बी कर्जत आणि वाडा या दोन गावांहून आणलं, कुंड्यांत पेरलं, दोन्हींवर एकच तणनाशक मारलं. कर्जतची पिवळी पडून मेली. वाड्याची थोडी थबकली आणि परत फुटवे आले. वाड्याची प्रतिकारक झाली, म्हणजे तिच्यावर औषध चालेनासं झालं, असं लिहू का? लवकर सांगा, गाईड मागे लागलेत.

भातखाचर: कोणतं तणनाशक? मात्रा किती? फवारताना पानं किती होती?

वसईकर_काका: औषधं कशाला? चिखलणी नीट करा, पाणी बांधून ठेवा, पाखड वर येतच नाही. आम्ही आयुष्यभर हेच केलं.

भातखाचर: काका, त्यांच्या कुंड्या आहेत, खाचर नाही.

गच्चीवरची_कुंडी: बिस्पायरीबॅक सोडियम, १० टक्के. बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

भातखाचर: बाटलीवर एकरी मात्रा असते, साधारण १०० मिली, म्हणजे हेक्टरी २५ ग्रॅम क्रियाशील घटक. कुंडीला किती पडलं? आणि पानं?

गच्चीवरची_कुंडी: कर्जतची तीन पानांची. वाड्याची आधी उगवली, तिला फुटवे आले होते.

भातखाचर: मग प्रतिकारक लिहू नका. हे औषध कोवळ्या पाखडीवरच नीट चालतं. दोन्ही एकाच वयाची घ्या आणि पाव, अर्धी, पूर्ण, दुप्पट, चौपट अशा मात्रा द्या. बिनफवारणीची कुंडी हवीच.

तणमुक्त: एवढा खटाटोप कशाला? सायहॅलोफॉप हे दुसरं तणनाशक मारा, दोन्ही मरतील.

भातखाचर: अहो, त्यांना पाखड मारायची नाही, फरक दाखवायचाय!

हरियाणा_रिटर्न: सायहॅलोफॉप तपासणीला मात्र उपयोगी आहे. दोन्ही औषधं तणाच्या वाढीला लागणारी वेगवेगळी विकरं (एन्झाइम) अडवतात: बिस्पायरीबॅक एएलएस नावाचं, सायहॅलोफॉप एसीसीएज नावाचं. समान वयाची वाड्याची पाखड पहिल्याला दाद देत नसेल आणि दुसऱ्याने मरत असेल, तर संशयाला आधार मिळतो. हरियाणात गव्हातल्या गुल्लीदंडा या तणावर आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चालेनासं झालं, कारण ते तण औषधाचं आतल्या आत विघटन करू लागलं होतं. तसं असेल तर मात्र दुसरं औषधही फिकं पडू शकतं.

बागवेडी_मुलुंड: बाल्कनीतल्या लव्हाळ्यावर यातलं काय चालेल?

भातखाचर: लव्हाळा गवतच नाही, सायहॅलोफॉपने जाणार नाही. गाठींसकट उपटा. कुंडीवाले, दोन्ही पाखडी एकाच जातीच्या आहेत का? कणसाला कुसळं आहेत?

गच्चीवरची_कुंडी: वाड्याच्या कणसाला लांब कुसळं आहेत. कर्जतची निसवायच्या (कणीस बाहेर पडायच्या) आधीच मेली.

भातखाचर: कर्जतचं उरलेलं बी पेरा, काही रोपं न फवारता निसवू द्या. कोलोना (बिनकुसळांची) आणि क्रस-गॅली (बहुधा कुसळांची) या पाखडीच्या दोन जाती; एक कोलोना आणि दुसरी क्रस-गॅली निघाली, तर तुलनाच वेगळी होईल. गाईडना आधी तेवढं दाखवा.