मदत हवी आहे: कोबाल्ट-आयर्न-बोरॉन फिल्ममधलं बोरॉन कमी करू का?

नमस्कार मंडळी, स्पटरिंगने (निर्वातात पदार्थाचे अणू उडवून थर बसवायची पद्धत) टॅन्टलम, त्यावर कोबाल्ट-आयर्न-बोरॉन आणि वर मॅग्नेशियम ऑक्साइड असे थर बनवतोय. २० टक्के बोरॉन असलं की फिल्म आधी अमॉर्फस (अणूंची ठराविक रचना नसलेली) येते, मग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास अ‍ॅनील केली (तापवून ठेवली) की बोरॉन टॅन्टलमकडे सरकतं आणि ऑक्साइडच्या बाजूने बीसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू असलेला) क्रिस्टल धरायला लागतो, इथपर्यंत ठीक.

आता १० टक्के बोरॉन घ्यावं म्हणतोय कारण मॅग्नेटायझेशन वाढेल, पण मग फिल्म बनतानाच अर्धवट क्रिस्टलाइन झाली आणि ग्रेन भलत्याच दिशेने वाढले तर ऑक्साइडशी जुळणारं ००१ टेक्श्चर (सगळ्या ग्रेनची, म्हणजे छोट्या क्रिस्टलची, एकच दिशा) हातचं जाईल, टीएमआर (ऑक्साइडच्या दोन्ही बाजूंच्या चुंबकीय थरांच्या दिशेनुसार रोध किती बदलतो ते) पण पडेल. शिवाय मॅग्नेटायझेशन वाढलं की डीमॅग्नेटायझिंग फील्डही (फिल्मचं स्वतःचंच उलट चुंबकीय क्षेत्र) वाढणार, म्हणजे १.२ नॅनोमीटरच्या थरात उभी अ‍ॅनिसोट्रॉपी (चुंबकत्व फिल्मला लंब राहण्याचा कल) टिकवणं अजून अवघड. त्यापेक्षा बोरॉन तसंच ठेवून आयर्न ४० वरून ६० टक्क्यांवर नेलेलं बरं का?

खरी अडचण मोजमापाची आहे. इतक्या पातळ थराचा एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) पीकच दिसत नाही, आणि जाड फिल्म बनवून बघावी तर तिथे क्रिस्टलायझेशन वेगळंच होतं. बदल कॉम्पोझिशनमुळे झाला की क्रिस्टलिनिटीमुळे, हे वेगळं कसं काढता तुम्ही? क्रॉस-सेक्शन टीईएमशिवाय (फिल्मचा काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याशिवाय) काही मार्ग आहे का? कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.