आमच्या साइटवरचं लिखाण गूगलला का सापडत नाही?

सासवडकर
कऱ्हाकाठच्या मंदिरांवर आमच्या मंडळाने साइट काढली आहे. सासवडचं संगमेश्वर, चांगावटेश्वर, पुढे थेट मोरगावपर्यंत. जुन्या स्मरणिकांमधले लेखही पीडीएफ करून चढवले. पण स्मरणिकेतलं आख्खं वाक्य टाकलं तरी गूगलवर आमची साइट दिसत नाही. गूगल नेमकं बघतं कुठे? पैसे भरल्याशिवाय वर येत नाही म्हणतात, ते खरं का?

खिळेजुळारी
पैशांचं आधी सांगतो. पैसे भरून जाहिरात वर येते आणि ती जाहिरात आहे असं तिथे लिहिलेलं असतं. बाकीच्या निकालांतली जागा विकत मिळत नाही.

तुम्ही शब्द टाकल्यावर गूगल इंटरनेट धुंडाळायला निघत नाही. ते काम आधीच झालेलं असतं. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात मजकूर गोळा करतो आणि त्याची सूची बनते, ग्रंथाच्या शेवटी असते तशी: शब्द, आणि पुढे तो कुठल्या पानांवर आहे ते. शोध घेतला जातो तो या सूचीत. मग क्रम लावताना इतर पुष्कळ गोष्टींबरोबर त्या पानाला कोणाकोणाच्या लिंका आहेत हेही बघतात. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन स्टॅनफर्डला शिकत असताना 1998 मध्ये त्यांनी मांडलेली पेजरँकची कल्पना ती हीच.

तुमचं घोडं मात्र सूचीतच अडलंय असं वाटतं. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर ती स्मरणिका युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे ठरलेले संकेतांक देणारी पद्धत). तो फॉन्ट डोळ्यांना देवनागरी दाखवतो, आत संकेतांक मात्र रोमन अक्षरांचे. मग सूचीत 'संगमेश्वर' जाणार कुठून? मी अनेक वर्षं डीटीपी केलं. मराठीतलं किती चांगलं लिखाण असं कोणाच्या हाती न लागता पडून आहे, जीव तुटतो.

सासवडकर
टाकून पाहिलं, कालाच निघाला! काही लेख तर नुसते स्कॅन आहेत, त्यातलं अक्षर सिलेक्टच होत नाही. आणखी एक. साइटच्या स्वतःच्या शोधखिडकीत 'कऱ्हा' टाकलं की निम्मेच लेख येतात. हे लेख तर युनिकोडमध्ये टाइप केलेले आहेत.

मीनल_बारामती
'ऱ्हा' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याचा पाय मोडून पुढे हा. दुसऱ्यात साधा र, पाय मोडलेला, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि हा. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, पण साध्या शोधखिडकीला ते दोन वेगळे शब्द वाटतात. साइट बनवणाऱ्याला सांगा, साठवताना आणि शोधताना दोन्ही एकाच रूपात आणायचे. 'दऱ्या', 'बिऱ्हाड', सगळ्यांचं तेच.

स्कॅनसाठी टेसरॅक्ट वापरा, चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, मराठी वाचतं.

खिळेजुळारी
जुन्या फॉन्टातला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण तसाच चढवू नका. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे रूपांतरात नेमकं तिथेच बिघडतं. आख्खी स्मरणिका एका पीडीएफमध्ये ठेवण्यापेक्षा प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान द्या, शीर्षकात गावाचं आणि देवळाचं नाव घाला, आणि मुखपृष्ठावरून त्या पानांना लिंक द्या. लिंकच नसेल तर क्रॉलर तिथवर पोचायचा कसा? प्रुफं तपासायला माणूस हवा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, वेलांट्या-रफार मी बघून देतो.