क्यूपीएम मक्याचं बी घरचं धरलं तर चालेल का?

शहाद्याची_शेतकरीण
नमस्कार. गेल्या खरिपात २० गुंठ्यांत एचक्यूपीएम-१ लावला होता. हा क्यूपीएम, म्हणजे क्वालिटी प्रोटीन मेझ, चांगल्या प्रतीच्या प्रथिनांचा मका. व्यापाऱ्याने साध्या मक्याचाच भाव दिला, पण मी तो विकायला लावलाच नव्हता. आमच्या घरी मक्याची भाकरी रोजची, आणि धाकटीला दूध पचत नाही, म्हणून लावला. चांगली भरलेली ४० कणसं बियाण्याला आढ्याला टांगून ठेवलीत. आता धास्ती अशी की बांधापलीकडे चुलत दिरांचा साधा मका होता आणि दोन्हींना तुरे एकाच आठवड्यात आले. दाणे फोडून पाहिले, फरक काही कळत नाही. बी चालेल का? घरी ओळखायची काही खूण आहे का?

तुरा_कणीस
ताई, मी मका पैदास प्रकल्पात २६ वर्षं शेतावरचा सहायक होतो. तुम्हाला फरक दिसत नाही, कारण तो दिसू नये यासाठीच कितीतरी वर्षं खपली आहेत. १९६४ साली अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात मर्ट्झ, बेट्स आणि नेल्सन यांना ओपेक-२ या जनुकामुळे मक्यातलं लायसिन, म्हणजे प्रथिनातला शरीराला लागणारा एक घटक, जवळपास दुप्पट होतं हे सापडलं. पण तो दाणा खडूसारखा, वजनाला हलका, सोंडकिड्याला आयता. आपल्याकडे सत्तरच्या सुमारास शक्ती, रतन, प्रोटीना हे ओपेक-२ चे वाण आले, ते शेतकऱ्यांनी धरले नाहीत. पुढे मेक्सिकोत सिमिट या मका-गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात आपले सुरिंदर वासल आणि तिथल्या एव्हांजेलिना व्हिलेगास यांनी ओपेक-२ तसाच राखून दाणा टणक केला. २००० साली दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आम्ही काचेखाली दिवा लावलेल्या पेटीवर दाणे पसरायचो. चांगल्या क्यूपीएम दाण्यातून उजेड मधासारखा पार येतो आणि कुठेतरी एक काळपट ढग राहतो. ढग लहान तो दाणा निवडायचा. ढग अजिबातच नसला तर उलट शंका घ्यायची, हा भेसळीचा तर नाही? मोबाइलच्या टॉर्चवर तुम्हीही बघू शकाल, पण त्यावरून खात्री धरू नका. खरं काय ते प्रयोगशाळेत ट्रिप्टोफॅनच्या तपासणीतच कळतं; तोही लायसिनसारखाच प्रथिनातला घटक, ओपेक-२ मुळे वाढणारा.

आता तुमच्या बांधाचं. ओपेक-२ चा गुण दबका आहे, आईबाप दोघांकडून आला तरच उतरतो. शेजारच्या साध्या मक्याचा पराग ज्या केसावर पडला, तो दाणा त्याच हंगामात साधा झाला. म्हणजे पुढच्या बियाण्याचंच नाही, यंदाच्या भाकरीचंही नुकसान. म्हणून बांधालगतच्या ओळींची कणसं वेगळी मोडा, ती कोंबड्यांना घाला. भाकरीसाठी रानाच्या मधली.

आढ्यावरची कणसं पेरू नका असंच सांगेन. परागाची भेसळ सोडा, तो मुळात संकरित वाण आहे. पुढच्या पिढीत ताटं उंच-बुटकी होतील, कणसं लहान-मोठी येतील, उतारा पडेल.

अंडी_आणि_भरडा
माझ्या ४०० गावठी कोंबड्या आहेत. क्यूपीएमचा भरडा घातला म्हणून पेंड लगेच कमी करू नका. आधी दाणे तपासून घ्या, मग खाद्याचा हिशेब बदला.

शहाद्याची_शेतकरीण
काका, कणसं आढ्यावरून काढते आणि बी नवं घेते. पण दीर तर शेजारीच राहणार, त्यांना मका लावू नका कसं म्हणू?

तुरा_कणीस
लावू द्या की! तुम्ही पेरणी तीन आठवडे मागेपुढे करा. त्यांचे तुरे झडल्यावर तुमच्या कणसांना केस फुटले पाहिजेत, किंवा तुमचे केस वाळल्यावर त्यांचे तुरे आले पाहिजेत. पाऊस लांबला आणि दोन्ही एकदम फुलोऱ्यात आलेच, तर रानाच्या मधली २०-२५ झाडं निवडा. केस बाहेर पडायच्या आधीच कणसाच्या कोंबावर कागदी पिशवी घाला. केस दोन-तीन बोटं वाढले की संध्याकाळी तुऱ्यावर पिशवी बांधा, दुसऱ्या दिवशी दव उतरल्यावर तो पराग केसांवर झटका आणि कणीस लगेच पुन्हा झाका. तेवढे दाणे तरी निर्भेळ मिळतील, त्यातलेच तपासणीला पाठवा.

धाकटीची डाळ मात्र चालू ठेवा. या मक्यात प्रथिनं वाढलेली नाहीत, आहेत ती अधिक अंगी लागतात, एवढंच.