गाडीतले विजेचे बिघाड: घरी शोधलेले दोष (अनुभव धागा)

गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नसे. सगळे म्हणाले, बॅटरी संपली. बदलली. चौथ्या दिवशी नवी बॅटरीही उतरली. शेवटी मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. व्हिडिओत आतला दिवा जळतच होता. झाकणाने त्याचा स्विच दाबलाच जात नव्हता. पाच वॅटचा तो बल्ब दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास पीत होता. तुम्ही घरी काय शोधलंत, कसं शोधलंत, सविस्तर लिहा. आकडे आठवत असतील तर तेही द्या.

* * *

माझ्याकडे दोषी निघाला नंतर बसवलेला अँप्लिफायर. बॅटरीची मायनस केबल सोडवली आणि केबल व बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मल्टिमीटर (वीज मोजायचा मीटर) १० अँपिअरच्या रेंजवर जोडला. सुरुवातीला दोन अँपिअरच्या वर आकडा दिसला आणि मी घाबरलो. पण गाडी लॉक केल्यावर आतली कंट्रोल युनिटं (गाडीतले छोटे संगणक) शांत व्हायला वेळ घेतात. अर्ध्या तासाने ०.३८ वर स्थिरावलं. ५० मिलिअँपिअरच्या, म्हणजे ०.०५ अँपिअरच्या आत हवं. एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिक सिस्टिमचा काढताच ०.०३. अँप्लिफायर चालू-बंद करणारी वायर बसवणाऱ्याने थेट कायमच्या सप्लायला जोडली होती.
मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडतो.

* * *

फ्यूज न काढताही जमतं. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही, पुढे सरका. फ्यूज काढून परत लावला की शांत झालेली युनिटं पुन्हा जागी होतात आणि सगळं मोजमाप पहिल्यापासून करावं लागतं. ते टळतं.

* * *

ब्रेक दाबला की माझ्या गाडीचा मागचा इंडिकेटर मंद लुकलुकायचा. दोन बल्ब बदलले, फरक नाही. एका दिव्याने दुसऱ्याच्या वाटेत लुडबुड केली की अर्थिंगकडे बघायचं, हे मला वडिलांनी शिकवलं. दिव्यामागच्या बोल्टखाली अर्थची रिंग हिरवट झाली होती. सँडपेपरने ती आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वर थोडं ग्रीस. बल्ब चांगलेच होते!
सेल्फ जड फिरत असेल तर हीच शंका इंजिनाबद्दल घ्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी तपासा. माझ्याकडे ०.९ आलं होतं.

* * *

मागच्या वायपरचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज सारखा उडायचा. आधीच्या कारागिराने तिथे ३० चा हिरवा बसवून ठेवला होता आणि वायरचं आवरण पार मऊ पडलं होतं. कृपा करून असं कधीही करू नका, यातून आग लागते. मी फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडला. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो. मग वायरी ठिकठिकाणी हलवत गेलो. डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी वाकवली आणि बल्ब मंदावला. आत तीन वायरी सोलवटलेल्या.

* * *

हॉर्न बंद होता. फ्यूजच्या पेटीतला शेजारचा त्याच नंबरचा रिले (विजेने चालणारा स्विच) काढून हॉर्नच्या रिलेच्या जागी लावला, वाजला. एवढंच. मात्र पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, तो बहुधा एअरबॅगचा असतो.

* * *

माझी अडचण अजून सुटलेली नाही. रात्री १२.६ व्होल्ट, सकाळी ११.९. बॅटरी गेली की गाडी पीत असेल?

* * *

गाडी बंद केल्यावर दोन तासांनी मोजा, मग मायनस केबल काढून ठेवा. सकाळीही व्होल्टेज खाली आलं तर बॅटरीच खराब. टिकलं तर गळती गाडीत.

* * *

काल तसंच केलं. रात्री १२.५८, सकाळी १२.५४. संध्याकाळी फ्यूजच्या ठिपक्यांवर मीटर लावतो.